कोमोला एक रात्र द्या : युरोप सहली काढणाऱ्या मराठी आयोजकांना खुले पत्र

प्रति,
पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर आणि जिथून जिथून मराठी माणसांच्या युरोप सहली निघतात तिथले सर्व सहल आयोजक आणि टूर मॅनेजर,

सप्रेम नमस्कार.

विनंती आधी सांगते, कारणं मग. ल्युसर्नहून मिलानकडे जाताना तुमच्यापैकी अनेकांच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘लेक कोमो : फोटो स्टॉप’ अशी एक ओळ असते. पुढच्या हंगामापासून ती ओळ खोडा आणि तिथे ‘कोमो : एक मुक्काम’ असं लिहा. दुपारी कोमो या उत्तर इटलीतल्या सरोवराकाठच्या शहरात पोचायचं, रात्र तिथेच काढायची, दुसऱ्या दिवशी बोटीने सरोवर बघून संध्याकाळी पुढे निघायचं. मागणं एवढंच आहे. त्यासाठी दुसरीकडचं काय कमी करावं लागेल याचाही विचार केला आहे, तो पुढे येईल.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते. निवृत्तीनंतर मुलीकडे मिलानला राहणं होतं. तिथून कोमो रेल्वेने तासाभरावर आहे, त्यामुळे जाणं-येणं सवयीचं झालं. पत्र लिहायला बसले ते मात्र गेल्या उन्हाळ्यात तिथे ऐकलेल्या एका संवादामुळे. पियाझ्झा काव्हूर हा कोमोचा सरोवराकाठचा चौक. तिथे अचानक मराठी कानावर पडलं म्हणून मी थांबले. चाळीसेक माणसांचा ग्रुप होता, बरेचसे साठी ओलांडलेले. हातात छोटा झेंडा घेतलेला टूर मॅनेजर सांगत होता, “समोर बघा, इथेच दीपिका-रणवीरचं लग्न झालं. चाळीस मिनिटं आहेत. फोटो काढा, आइस्क्रीम खा, वॉशरूमला जाऊन या.” एका आजोबांनी विचारलं, “आणि या गावात बघण्यासारखं काय आहे?” उत्तर आलं, “तसं काही नाही काका, लेकच आहे.”

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या हातात चाळीस मिनिटंच होती आणि त्याला कुणी काही सांगितलेलंही नसणार. पण काका जिथे उभे होते तिथून पाठीमागे चार-पाच मिनिटांवर १३९६ साली बांधायला घेतलेलं कॅथेड्रल होतं. डावीकडे काठाकाठाने चालत गेलं असतं तर दहा मिनिटांत ते बॅटरीचा शोध लावणाऱ्या व्होल्टाच्या स्मारकात पोचले असते. उजवीकडे तेवढंच चालल्यावर डोंगर चढणारी, दोराने ओढली जाणारी रेल्वे म्हणजे फ्युनिक्युलर होती. ‘तसं काही नाही’ हे वाक्य कोमोबद्दल उच्चारलं जावं आणि तेही मराठीतून, याचं मला फार वाईट वाटलं.

आधी त्या लग्नाच्या घराबद्दल, कारण तुमचे प्रवासी ते विचारणारच आणि विचारण्यात गैर काही नाही. नोव्हेंबर २०१८मधला तो सोहळा झाला ते घर म्हणजे व्हिला देल बाल्बियानेल्लो. ते कोमो शहरातून दिसत नाही. पश्चिम किनाऱ्यावर बरंच उत्तरेला, लेन्नो गावाजवळ पाण्यात घुसलेल्या भूशिरावर ते उभं आहे आणि मध्ये डोंगरांची वळणं आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस कार्डिनल दुरिनी यांनी ते बांधून घेतलं. आपल्याला जास्त रस वाटावा असा त्याचा शेवटचा खासगी मालक : ग्वीदो मोंझिनो. १९७३ साली एव्हरेस्टवर गेलेल्या इटालियन मोहिमेचा हा नेता. त्याने १९८८मध्ये मरताना हे घर इटलीतल्या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या नावे केलं, आणि आज तिथे त्याच्या मोहिमांचं सामान मांडून ठेवलेलं आहे. लग्नाचं घर म्हणून बघायला गेलेल्या ट्रेकिंगवेड्या मराठी कुटुंबाला आत हिमालयातल्या मोहिमेच्या वस्तू भेटतात. एवढं जरी कुणी बसमध्ये सांगितलं तरी बघण्याची नजर बदलते.

आता व्होल्टा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या माणसाच्या जोरावर माझी नोकरीची वर्षं गेली.

शाळेत विजेचा धडा आला की आम्ही टॉर्चचे संपलेले सेल फोडायचो. बाहेरचं आवरण जस्ताचं असतं, ते कापून पट्टी करायची. एका लिंबात ती पट्टी आणि जाडसर तांब्याची तार शेजारी-शेजारी खुपसायची, दोन्ही टोकं गॅल्व्हानोमीटरला जोडायची आणि मुलांना म्हणायचं, काट्याकडे बघा. काटा हलला की मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे यायची. या प्रयोगाचा मूळ पुरुष आलेस्सांद्रो व्होल्टा. जन्म कोमोत, १७४५. मृत्यू कोमोत, १८२७. सुरुवातीची शिक्षकीही कोमोतच. मुलांना हे सगळं फळ्यावर लिहून देणाऱ्या मला ते शहर बघायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं.

गोष्ट अशी. बोलोन्याच्या गॅल्व्हानीने १७९१मध्ये प्रसिद्ध केलं की मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की पाय झटका देतो, म्हणजे प्राण्याच्या शरीरातच वीज आहे. व्होल्टाने आधी ते मानलं, मग त्याला शंका आली. वीज धातूंकडून येत असेल आणि बेडूक नुसता ती दाखवत असेल तर? मग बेडूकच काढून टाकू. त्याने चांदी आणि जस्ताच्या चकत्या घेतल्या, मध्ये खाऱ्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा चांदी, पुन्हा जस्त, अशी उतरंड रचली. खालच्या आणि वरच्या टोकाला ओले हात लावले की झटका बसायचा, आणि तो पुन्हापुन्हा बसायचा. २० मार्च १८०० रोजी त्याने कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना फ्रेंचमध्ये पत्र लिहून हे कळवलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्या उतरंडीवर पाण्याचं विघटन करून दाखवलं गेलं आणि १८०७मध्ये तशाच विजेच्या जोरावर रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने सोडियम आणि पोटॅशियम वेगळे केले. धातूंच्या नुसत्या स्पर्शाने वीज निघते हे व्होल्टाचं स्पष्टीकरण पुढे अपुरं ठरलं, खरं काम रासायनिक क्रियेचं होतं. पण वस्तू चालली, आणि सलग वाहणारी वीज माणसाच्या हातात पहिल्यांदा आली ती तिच्यामुळे.

सरोवराकाठच्या बागेत असलेलं तेम्प्यो व्होल्त्यानो हे घुमटाचं छोटं स्मारक त्याच्या मृत्यूच्या शताब्दीनिमित्त, १९२७च्या सुमारास बांधलं. आत गोलाकार दालनात काचेच्या कपाटांतून त्याची उपकरणं आहेत. काही मूळची, बरीचशी प्रतिकृती, कारण १८९९मध्ये उतरंडीची शंभरी साजरी करायला कोमोत जे प्रदर्शन भरवलं त्यालाच आग लागली आणि मूळ उपकरणं जळाली. जे वाचलं ते आणि जे पुन्हा घडवलं ते, दोन्ही एकत्र मांडलंय. उतरंडीसमोर उभं राहून बघा. काचेच्या उभ्या दांड्यांच्या मध्ये चकत्या एकावर एक बसवल्यात, धातू काळवंडलाय, मधलं कापड कडक होऊन आक्रसलंय. दहावीचं पुस्तक शिकलेल्या कुठल्याही माणसाला ती आकृती पाठ असते. खरी वस्तू समोर आल्यावर तो क्षणभर गप्प होतो, हे मी माझ्याबरोबर आलेल्या पाहुण्यांच्या बाबतीत बघितलं आहे.

त्याच १९२७च्या सप्टेंबरात व्होल्टाच्या शताब्दीनिमित्त कोमोत जगभरातले पदार्थवैज्ञानिक जमले होते. नील्स बोर यांनी पूरकतेचं तत्त्व (इलेक्ट्रॉन कधी कणासारखा तर कधी लाटेसारखा दिसतो, आणि ही दोन्ही रूपं एकमेकांना पूरक आहेत) पहिल्यांदा जाहीरपणे मांडलं ते इथे. भारतातून मेघनाद साहा आले होते. तुमच्या ग्रुपमध्ये शिक्षक असतात, इंजिनियर असतात, बोर्डाची परीक्षा देऊन आलेली नातवंडं असतात. त्यांना हे न सांगता परत न्यायचं?

कोमोची दुसरी मोठी माणसं म्हणजे प्लिनी नावाचे दोन रोमन लेखक, काका आणि पुतण्या (खरं तर बहिणीचा मुलगा, म्हणजे मामा आणि भाचा). कॅथेड्रलच्या मुख्य दाराच्या दोन बाजूंना, संगमरवरी कोनाड्यांत हे दोघे बसलेले दिसतात. ख्रिस्ती कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर ख्रिस्ती नसलेली ही दोन रोमन माणसं पंधराव्या शतकात मानाने बसवली, कारण ती आपल्या गावची. गावाचा अभिमान असा असतो. शेजारच्या भिंतीला लागून ब्रोलेत्तो उभा आहे, १२१५मध्ये बांधलेलं नगरसभेचं घर, पांढऱ्या, करड्या आणि लालसर दगडांच्या आडव्या पट्ट्यांचं. कॅथेड्रल वाढवताना त्याचा एक भाग पाडला, तरीही उरलेला अजून शहराच्या कामी येतो. कॅथेड्रलच्या बाजूच्या दारावर एक छोटा बेडूक कोरलेला आहे. तो गॅल्व्हानीच्या आधीचा आहे, त्याचा विजेशी काही संबंध नाही, पण मुलांना शोधायला लावावा असा आहे.

थोरला प्लिनी जन्मला साधारण इ. स. २३मध्ये. ३७ भागांचा निसर्गविषयक ग्रंथ लिहून ठेवला. त्याच ग्रंथात तो नैर्ऋत्य वाऱ्यांवर स्वार होऊन भारताकडे येणाऱ्या जहाजांची माहिती देतो आणि कुरकुरतोही, की भारत दरवर्षी आमच्या साम्राज्याचे ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो आणि तिकडून आलेला माल इथे शंभरपट किमतीला विकला जातो. म्हणजे कोमोच्या या माणसाच्या वहीत आपल्या किनाऱ्याचा हिशेब आहे. इ. स. ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा तो नेपल्सजवळच्या मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख होता. जहाजं घेऊन लोकांना वाचवायला गेला आणि किनाऱ्यावरच मेला. त्याच राखेखाली पाँपेई हे शहर गाडलं गेलं. आणि पाँपेईच्या एका घरात १९३८मध्ये सापडली एक वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती, भारतातून गेलेली. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती कुठे मिळाल्या? आपल्या भोकरदनला आणि तेरला. जालना जिल्ह्यातलं भोकरदन, धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तुमची सहल पुढे रोमला जाते, कधी कधी नेपल्स-पाँपेईलाही जाते. ती मूर्ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. कोमोत प्लिनी दाखवा, नेपल्समध्ये मूर्ती दाखवा, मराठवाड्यातून आलेल्या प्रवाशाला इटली परकी वाटणार नाही.

भाचा, म्हणजे धाकटा प्लिनी, हा पत्रांमुळे अमर झाला. मामाच्या मृत्यूचं वर्णन त्याच्याच पत्रात आहे. सरोवराकाठी त्याची अनेक घरं होती. त्यांतल्या दोन आवडत्या घरांना त्याने ‘शोकांतिका’ आणि ‘सुखांतिका’ अशी नावं ठेवली होती. पहिलं उंच खडकावर, दुसरं अगदी पाण्याला लागून, इतकं की निजायच्या खोलीतून, जवळजवळ अंथरुणातूनच, गळ टाकता यायचा. पण त्याचं जे पत्र मला सगळ्यात प्रिय आहे ते शाळेचं. इतिहासकार टॅसिटसला तो कळवतो : गावी गेलो असताना एक मुलगा वडिलांबरोबर भेटायला आला. विचारलं, शिकतोस का? हो. कुठे? मिलानला. इथे का नाही? वडील म्हणाले, इथे शिक्षक नाहीत. यावर प्लिनीने जमलेल्या पालकांना सांगितलं की वर्गणी काढा आणि शिक्षक आणा, एक तृतीयांश खर्च मी देतो. सगळाच का देत नाही, तर स्वतःचे पैसे घातलेत म्हटल्यावर लोक शिक्षक पारखून घेतील. गावाला ग्रंथालयही त्याने दिलं. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या शाळांत शिकलेल्या आपल्या पिढीला हे पत्र समजावून सांगावं लागत नाही.

मी माहितीचा मारा करतेय असं वाटेल, पण मुद्दा साधा आहे. कोमो हे नुसतं पाण्याकाठचं सुंदर गाव असतं तर चाळीस मिनिटं पुरली असती. सीझरने इ. स. पू. ५९मध्ये वसाहतकरी आणून वसवलेल्या नव्या कोमोच्या काटकोनी गल्ल्या अजून जुन्या शहरात पायाखाली आहेत. तटबंदी बाराव्या शतकातली. ११९२चा पोर्ता तोर्रे हा चाळीसेक मीटर उंचीचा दरवाजा बाहेरून बंद आणि आतून कमानींनी मोकळा आहे. आणि तटाच्या आत वाहनांना जवळजवळ बंदी. रस्ते सपाट, फरसबंदी, बसायला बाक. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी याहून सोपं जुनं शहर इटलीत शोधावं लागेल. फ्लॉरेन्सला त्यांची जी दमछाक होते ती इथे होत नाही.

रेशमाकडे वळते. कोमोची गेल्या दोन शतकांची रोजीरोटी रेशीम. पूर्वी लोम्बार्दीच्या, म्हणजे कोमो आणि मिलानच्या प्रांतातल्या, घराघरांत तुतीचा पाला आणून अळ्या पोसायचे. अंडी उबवायला बायका ती कापडात गुंडाळून छातीशी बाळगायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पेब्रीन रोगाने अळ्या मेल्या तेव्हा इटालियन व्यापारी निरोगी अंड्यांसाठी थेट जपानपर्यंत गेले. आज धागा बहुतेक चीनमधून येतो. कोमो तो विणतं, रंगवतं, छापतं, आणि मोठमोठ्या फॅशन घराण्यांना पुरवतं. १८६८मध्ये सुरू झालेल्या रेशीमविद्यालयाच्या इमारतीत १९९०पासून रेशीम संग्रहालय आहे. पीळ देण्याचं लाकडी गोल यंत्र, धाग्याचं वजन आणि ताण मोजायची उपकरणं, रंगाच्या प्रयोगशाळेच्या बाटल्या, छपाईचे ठोकळे, सगळं ओळीने लावलंय. कोषापासून स्कार्फपर्यंतचा प्रवास एका तासात कळतो. तुमच्या ग्रुपमध्ये पैठणी नेसणाऱ्या आणि पदराची बारकाई ओळखणाऱ्या बायका असतात. त्यांना विणकाम दाखवायच्या आधी दुकान दाखवू नका. आणि जालना-बीडकडे आता कितीतरी शेतकरी तुती लावतात, जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झालेली आहे. शेतकऱ्यांच्या अभ्याससहली काढणाऱ्यांनी हॉलंडच्या फुलांबरोबर कोमोचं रेशीम ठेवावं. कोष विकून थांबायचं की पुढे जायचं, हा त्या शेतकऱ्यांपुढचा आजचा प्रश्न आहे, आणि पुढे गेल्यावर एखादं गाव काय होऊ शकतं ते इथे दिसतं.

बोटीचं सांगायलाच हवं, कारण तिथे नेहमी चुकीचं तिकीट काढलं जातं. उलट्या वाय आकाराच्या या सरोवरात कोमो डाव्या पायाच्या टोकाला, बेल्लाजिओ दोन पायांच्या बेचक्यात. जायला दोन प्रकारच्या बोटी : जलद आणि संथ. जलद बोट पाऊणएक तासात पोचवते, पण तीत काचेआड बसून राहावं लागतं. संथ बोटीला दोन तास लागतात. ती या काठाचं गाव घेते, त्या काठाचं गाव घेते, आणि वरच्या डेकवर उघड्यावर बसता येतं. वेळ वाचवायला म्हणून जलद बोट घेणं म्हणजे जे बघायला आलो तेच वाचवणं. जाताना संथ बोट घ्या, येताना हवं तर जलद. चेर्नोब्बिओ, तोर्नो, घळीतून पाणी कोसळतं ते नेस्सो, मग कोमाचिना बेट. या बेटाने बाराव्या शतकातल्या लढाईत कोमोविरुद्ध मिलानची बाजू घेतली. ११२७मध्ये मिलानने कोमो उद्ध्वस्त केलं, आणि ११६९मध्ये कोमोने सूड म्हणून बेट बेचिराख केलं. दरवर्षी जूनच्या अखेरीस संत जॉनच्या सणाला इथे गोगलगायींच्या शिंपल्यांत वात लावून शेकडो दिवे पाण्यावर सोडतात. नदीत दिवे सोडणाऱ्या माणसांना तो सोहळा बघून काय वाटेल, मी सांगायला नको. तुमच्या मे-जूनच्या तारखांत एखादा ग्रुप त्या शनिवार-रविवारी बसवता आला तर जरूर बसवा.

सकाळी उत्तरेकडून तिवानो नावाचा वारा वाहतो, दुपारी दक्षिणेकडून ब्रेव्हा. बोटीवर दुपारी गार लागतं, प्रवाशांना स्वेटर हाताशी ठेवायला सांगा. सरोवर ४०० मीटरहून जास्त खोल आहे आणि कोमोच्या बाजूला पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. अद्दा नदी उत्तरेला आत येते आणि दुसऱ्या पायाकडून, लेक्कोहून बाहेर जाते. म्हणून मोठ्या पावसात पियाझ्झा काव्हूरमध्ये पाणी चढतं. तुम्ही बस उभी करता तिथल्या माणसांची ही कायमची काळजी आहे.

जेवणाबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी एका रात्रीसाठी पनीर बटर मसाला बाजूला ठेवता येईल का ते बघा. शाकाहारी लोकांना पोलेंता द्या, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला सांजा, वर लोणी आणि चीज. पित्सोक्केरी द्या, कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा आणि कोबीबरोबर. एक सांभाळा : ग्राना पादानोसारख्या कडक चीजमध्ये प्राण्यांपासून काढलेलं रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) असतं. काटेकोर शाकाहारी आणि जैन प्रवाशांना ते आधीच सांगा, नंतर कळलं की फार मनाला लागतं. आणि कोकणातून आलेल्यांना मिस्सोल्तीनी खाऊ घाला. सरोवरातले आगोने मासे मीठ लावून उन्हात वाळवतात, तमालपत्राचे थर देऊन डब्यात दाबून ठेवतात, मग निखाऱ्यावर भाजून व्हिनेगर शिंपडून पोलेंताबरोबर वाढतात. सुक्या बांगड्याच्या घरातला माणूस वासावरूनच जेवायला बसेल.

संध्याकाळी डोंगरावरच्या ब्रुनाटे गावाला चढा. १८९४पासून चालणारी फ्युनिक्युलर सात मिनिटांत सुमारे ५०० मीटर वर नेते. आणखी वर व्होल्टाच्या नावाचा दीपस्तंभ आहे, १४३ पायऱ्यांचा, ज्याचे पाय धड आहेत त्याने जावं. हवा स्वच्छ असेल तर वरून आल्प्समधल्या मोंते रोझाचं बर्फ दिसतं. मात्र लक्षात असू द्या, ही फ्युनिक्युलर ब्रुनाटेच्या लोकांची रोजची गाडी आहे. शाळेतून, कामावरून ते याच डब्यातून घरी जातात. चाळीस जण एकदम चढवू नका, दोन-तीन फेऱ्यांत विभागा. बोटीवर जागा धरून ठेवू नका आणि कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना मोबाईल उंचावू नका, हेही बसमध्येच प्रेमाने सांगून टाकावं. आपली माणसं सांगितलं की ऐकतात.

वेळ उरला तर कॅथेड्रलच्या मागे, रुळांपलीकडे, जुझेप्पे तेराञ्ञीने १९३६मध्ये पूर्ण केलेली पांढरी चौकोनी इमारत बघा. ती मुसोलिनीच्या पक्षाचं कार्यालय म्हणून बांधली होती, आज तिथे आर्थिक गुन्हे हाताळणारं पोलीस दल आहे. आर्किटेक्चर शिकणाऱ्या प्रत्येकाने तिचा नकाशा काढलेला असतो. तिथून मागे फिरून सरोवराकाठच्या बागेत या. तिथे युरोपातल्या प्रतिकारलढ्याचं स्मारक आहे, मारल्या गेलेल्यांच्या शेवटच्या पत्रांतली वाक्यं पत्र्यांवर कोरलेली. मुसोलिनी २७ एप्रिल १९४५ला याच सरोवराच्या काठी, दोंगोला पकडला गेला आणि दुसऱ्या दिवशी मेझ्झेग्राजवळ मारला गेला. एका शहरात सत्तेची इमारत आणि तिला विरोध करणाऱ्यांची पत्रं, दोन्ही जपलेली आहेत. स्वातंत्र्यलढ्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या ज्येष्ठांना इथे घटकाभर बसू द्या.

आता तुमचा हिशेब. रात्र वाढली की दर वाढतो आणि दर वाढला की बुकिंग शेजारच्याकडे जातं, हे मला कळतं. म्हणून रात्र वाढवू नका, हलवा. बहुतेक कार्यक्रमांत मिलानच्या बाहेर हायवेलगतच्या हॉटेलात एक मुक्काम असतो. तिथून मिलानचं काहीच दिसत नाही, सकाळी मिलानच्या कॅथेड्रलसमोर तासभर थांबून बस निघते. तोच मुक्काम कोमोच्या आसपास करा. मिलान तिथून पन्नासेक किलोमीटर आहे, जाता जाता होतं. सीमेजवळच्या ब्रँडेड मालाच्या मॉलमध्ये काही ग्रुप दोन-तीन तास सोडले जातात, तेवढ्या वेळात व्होल्टा आणि रेशीम संग्रहालय दोन्ही होतात. बस तटबंदीच्या आत जात नाही, तेव्हा बाहेर उतरवून चालतच न्यायचं. परवानाधारक स्थानिक गाइड अर्ध्या दिवसासाठी घ्या. संग्रहालयांच्या सुटीचे वार आणि बोटींचं हंगामी वेळापत्रक बुकिंगच्या आधी तपासा, हिवाळ्यात फेऱ्या खूप कमी होतात.

ज्यांनी आयुष्यभर पै-पै साठवून एकदाच युरोप करायचं ठरवलेलं असतं ती माणसं तुमच्यावर विश्वास टाकून येतात. त्यांना पंधरा शहरांची नावं मोजायला आवडतात असं तुम्ही म्हणता, आणि त्यात तथ्य आहे. पण त्यांना कळत नाही, असं समजू नका. त्या आजोबांनी प्रश्न विचारला होता.

टूर मॅनेजरना बसमध्ये वाचून दाखवता येईल असा कोमोवरचा मराठी मजकूर मी लिहून द्यायला तयार आहे, वीस मिनिटांचा, व्होल्टा, प्लिनी, रेशीम आणि बोटीचा मार्ग धरून. मोबदला नको, नावही घालू नका. पुढच्या उन्हाळ्याच्या पत्रिका दिवाळीच्या सुमारास छापल्या जातात. त्याआधी तुमच्यापैकी दोघा-तिघांनी जरी एका ग्रुपपुरता हा बदल करून बघायचं ठरवलं, तर मजकूर महिनाभरात तुमच्या हातात असेल.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका